बस म्हणेपर्यंत

नीरजा सबनीस घरी आली की मी आधी माझे अंगठे लपवतो. माझी बायको मीनाक्षी चहा ठेवायला आत वळते, तेवढ्यात ही बाई पर्समधून ते यंत्र काढते आणि म्हणते, "काका, एकच मिनिट." यंत्र म्हणजे टॉर्चएवढी वस्तू, पुढे रबराचं गोल टोक, मागे दाब दाखवणारा आकडा. ते टोक अंगठ्याच्या नखावर ठेवून ती हळूहळू दाब वाढवत नेते आणि आपण 'बस' म्हणायचं.

"नुसता दाब वाटतोय तोवर गप्प राहायचं. दुखायला लागलं की त्या क्षणी बस म्हणायचं. ही सहनशक्तीची परीक्षा नाही." हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली आहे की झोपेतही बोलत असेल. पहिल्या खेपेला मी टोक नखाला टेकताच 'बस' म्हणून ओरडलो होतो.

"काका, अजून दाबलंच नाहीये!"

"मग आधीच सांगून ठेवलं."

तीस-पस्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केल्यावर माणूस एवढं तर शिकतोच.

नीरजा नोएडातल्या एका खाजगी कॉलेजात फिजिओथेरपी शिकवते आणि उरलेल्या वेळात दुखणं म्हणजे नक्की काय असतं ते शोधते. माझा उजवा खांदा आखडला तेव्हापासून ती दर शनिवारी आमच्याकडे येऊन तो सोडवायचा प्रयत्न करते. खांद्याचं राहू द्या, तो आपल्या गतीने सुटतोय. मला कुतूहल आहे ते तिचंच. लहानपणापासून एकच प्रश्न धरून बसलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मला तर आदल्या दिवशीचा प्रश्न दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

तिला मी ओळखतो ती दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्सपासून. तिचे वडील शांताराम सबनीस माझे वरिष्ठ, राहायलाही खालच्याच मजल्यावर. सबनीससाहेबांची कंबर दुखायची. अशी दुखायची की जेवणाच्या सुट्टीत ते ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये फरशीवर उताणे पडून राहायचे. एक्स-रे काढले, रक्त तपासलं, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. सगळं नॉर्मल. मग ऑफिसात कुजबुज सुरू झाली. एक पंजाबी सेक्शन ऑफिसर तर त्यांच्या तोंडावर म्हणाला होता, "सबनीस साहब, आपकी कमर भी बजट सेशन देखकर दुखती है." साहेब हसले. माझं डोकं फिरलं होतं, पण साहेब हसल्यावर मी काय बोलणार?

नीरजा, म्हणजे आमची नीरू, तेव्हा फ्रॉकमध्ये होती. एकदा जिन्यात मला अडवून तिने विचारलं, "काका, डॉक्टर म्हणतात काहीच झालेलं नाही. बाबा म्हणतात दुखतं. मग खोटं कोण बोलतंय?" मी म्हटलं, कुणीच नाही गं. "असं कसं होईल?" असं म्हणून ती खाली निघून गेली. त्या प्रश्नाचं उत्तर ती आजतागायत शोधते आहे.

बारावीला मार्क चांगले पडूनही तिने फिजिओथेरपी घेतली तेव्हा नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. "मालिश करायला शिकवतात तिथे," असं तिच्या पुण्याच्या मामाने फोनवर सांगितलं. शिक्षण संपल्यावर काही काळ ती दिल्लीतल्या हिंदूराव इस्पितळात होती. तिथल्या दोन बायकांची गोष्ट ती अजून सांगते. दोघींचं वय सारखं, गुडघ्याची झीज सारखी. एक्स-रे शेजारी शेजारी लावले तर ओळखू येऊ नयेत. एक जण डोक्यावर भाजीची पाटी घेऊन तिथल्या रिज टेकडीचा चढ चढायची. दुसरीला खाटेवरून उतरवायला दोन माणसं लागायची. "आणि काका, दोघीही खरं बोलत होत्या," असं म्हणताना नीरूचे डोळे असे चमकतात, जणू कुणी मिठाईचा पुडा उघडून पुढे धरलाय.

मग ती शिकवायला लागली. आमची मुलगी तनया तिच्याच हाताखाली शिकली, त्यामुळे वर्गातल्या बातम्या मला घरबसल्या मिळायच्या. पहिल्या दिवशी नीरू मुलांना पाठ्यपुस्तक उघडू देत नाही. ती सांगते, पेशंट म्हणाला दुखतं, तर दुखतं. तिथून पुढे बोला. 'कितपत दुखत असेल' हे आपण ठरवायचं नाही. कुणी मुलगा पेशंटच्या पाठीमागे 'नाटक करता है' असं पुटपुटला, तर त्याला दिवसभर ओपीडीबाहेर उभं करते. आवाज चढवत नाही. नुसती बघते, आणि पोरं गारठतात.

तनया लहानपणापासून तिला नीरूताई म्हणायची, तिच्या मांडीवर बसून आंबा खायची. कॉलेजात प्रवेश झाला आणि पहिल्याच आठवड्यात नीरूताईची 'मॅम' झाली. वर्गात ठीक आहे, पण घरी आमच्या सोफ्यावर बसलेल्या बाईलाही ही पोरगी उभी राहून "मॅम, पाणी आणू?" विचारायला लागली. मीनाक्षीला त्याचं कौतुक. मला जरा विचित्रच वाटायचं. नीरूने एकदा-दोनदा हसून टोकलंही, पण इकडची पोरं मॅमच्या बाबतीत फार पक्की असतात. पास होऊन गुरुग्रामला नोकरी लागली तरी तनयाची मॅम काही सुटली नाही.

आता त्या अंगठ्यांबद्दल. नीरूने वर्षानुवर्षं दोन प्रकारच्या लोकांचे अंगठे दाबले. एकीकडे कंबर, खांदा, मान कित्येक महिने दुखणारे ओपीडीतले पेशंट. दुसरीकडे ठणठणीत माणसं, म्हणजे तिचे विद्यार्थी. रीतसर परवानगी, रीतसर सह्या, कुणावर जबरदस्ती नाही. कंबरदुखीवाल्याचा अंगठा काही दुखत नसतो. तो तर चांगलाच असतो. तरीही तो माणूस ठणठणीत माणसाच्या निम्म्या दाबालाच 'बस' म्हणतो, असं तिला दिसलं. दर वेळी दिसलं.

मला कळावं म्हणून तिने सोपं करून सांगितलं होतं. "घरात एकदा चोरी झाली ना काका, की पुढे मांजर चाललं तरी जाग येते. जुन्या दुखण्याने तसंच होतं. सगळं अंगच जागं राहतं. कंबरेत आता काही नसेलही, पण दुखणं खरं असतं."

 मग म्हणाली, "बाबांचं खरं होतं, काका. एक्स-रे पण खरा होता आणि बाबा पण." सबनीससाहेब जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. मी खांद्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

त्यावरचा तिचा मोठा लेख परदेशातल्या एका मासिकाने स्वीकारला. कॉलेजात असोसिएट प्रोफेसरची जागा निघाली होती, त्या निवडीतही हा लेख वजनदार ठरणार होता. तो शनिवार मला चांगला आठवतो. मीनाक्षीने साजूक तुपातला शिरा केला होता, तनया सुट्टीला घरी होती, आणि माझा खांदा नीरूच्या ताब्यात होता.

मला थट्टेची लहर आली. मी म्हटलं, "नीरू, ही आमची तनयापण तुझ्या त्या ठणठणीत लोकांत आहे ना? इंजेक्शनची सुई बघून सोसायटी डोक्यावर घेणारी? हिचा आकडा किती होता?"

"बिल्कुल होती. हिच्या बॅचचे आकडे तर सगळ्यांत चांगले," नीरू म्हणाली. "तनया खूप दाबापर्यंत गप्प राहायची."

तनया शिऱ्याची वाटी हातात घेऊन हसत सुटली. "बाबा, तू पण ना! मॅम दाबत असताना बस कोण म्हणणार, यार?"

माझ्या खांद्यावरचा हात थांबला.

"म्हणजे?" नीरूने विचारलं.

तनयाचं हसू हळूहळू मावळलं. आपण काय बोलून बसलो ते तिला अजून नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी सांडलंय एवढं कळलं होतं. "म्हणजे... दुखायचं, मॅम. पण तुम्ही स्वतः दाबताय म्हटल्यावर लगेच कसं सांगणार? आम्ही तुमच्या चेहऱ्याकडे बघायचो. तुम्ही आकड्याकडे बघत असायचात. वाटायचं, आता पुरेसं झालं असेल, मग बस म्हणायचो. आमच्या बॅचमधला सिद्धांत तर बाहेर जाऊन अंगठा नळाखाली धरायचा."

"पण मी दर वेळी सांगत होते. ही परीक्षा नाही म्हणून."

"हो मॅम." तनया वाटीत बघत म्हणाली. "व्हायव्हाच्या आधीपण तुम्ही हेच सांगायचात. घाबरू नका, परीक्षा समजू नका."

स्वयंपाकघरात मीनाक्षीने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मला असा संताप आला तनयाचा, की काय सांगू. इतकी वर्षं गप्प बसलीस, आणि आज तोंड उघडलंस? मी तिच्यावर खेकसणार, तेवढ्यात नीरूच्या तोंडाकडे माझं लक्ष गेलं. ते पांढरं पडलं होतं, पण डोळे? डोळ्यांत हिंदूरावची गोष्ट सांगतानाची तीच चमक होती.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही दाबा."

"कुणाला?"

"तनयाला."

आमच्या जेवणाच्या टेबलावर मग जो प्रकार झाला तो बघायला कुणी पाहुणा असता तर पोलिसांना फोन केला असता. नीरूने मला यंत्र धरायला शिकवलं, दाब कसा सावकाश वाढवायचा ते दाखवलं. मी जेमतेम सुरुवात केली आणि तनया किंचाळली, "बस! बाबा! मारतोस का?" मीनाक्षीला ती थोडं जास्त दाबू द्यायला तयार झाली. मग नीरूने स्वतः यंत्र घेतलं. "आता तुला सगळं माहीत आहे. दुखलं की लगेच सांग." तनयाने मान हलवली. दाब वाढत गेला. माझ्या वेळचा आकडा गेला, मीनाक्षीचा गेला. पोरीच्या कपाळावर आठ्या, ओठ घट्ट, डोळे नीरूच्या चेहऱ्यावर. माझ्या वेळच्या दुपटीपलीकडे आकडा गेला, तेव्हा नीरूनेच हात काढला.

"दुखत नव्हतं?"

"दुखत होतं, मॅम. सांगायचंच होतं. जीभच वळत नाही." तनयाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते अंगठ्याचं की कसलं, मला कळेना.

"काय गंमत आहे!" नीरू पुटपुटली. "तेच नख, तीच मुलगी, तोच शिरा पोटात. यातलं खरं कुठलं? तुम्ही दाबलेलं की मी?" ती खोलीत फेऱ्या मारायला लागली. दाबणाऱ्याचा परिणाम होतो, हे पुस्तकात लिहिलेलंच आहे म्हणाली. ती स्वतः ते वर्गात शिकवते. दाबणारा पुरुष की बाई, वयाने मोठा की लहान, ओळखीचा की अनोळखी, सगळ्याचा विचार तिने केला होता. पण ज्या मुलांचे डबे ती हक्काने उघडून खाते, त्यांच्या दृष्टीने आपण साहेब आहोत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

फेऱ्या मारता मारता ती अचानक खुर्चीवर बसली. ठणठणीत लोकांचे आकडेच फुगलेले असतील, तर पेशंट निम्म्या दाबाला बस म्हणतात याला अर्थ काय उरला? हे मलासुद्धा कळत होतं. ती हळूच म्हणाली, "काका, मग बाबांचं काय?"

मी उगाच शिऱ्याची वाटी तिच्यापुढे सरकवली. 

निघताना मी तिला दारात गाठलं आणि माझ्या सरकारी अकलेप्रमाणे सल्ला दिला. लेख स्वीकारला गेलाय, निवड महिन्यावर आलीय, आमच्या डायनिंग टेबलावरचं बोलणं काही परदेशात जात नाही. आधी जागा पदरात पडू दे, मग काय शोधायचं ते शोध. तिने सँडलचा पट्टा लावता लावता ऐकून घेतलं.

"खोटं कोण बोलतंय, ते मला बघायचं होतं," ती म्हणाली. "आता न बघताच छापू?" आणि मग आवाज खाली आणून, "मला जागेचं दुःख नाही, काका. पेशंटचं दुखणं खरं माना म्हणून मी ज्यांना शिकवते, ती मुलं माझ्यासमोर स्वतःचं दुखणं लपवत होती. आणि मी आकड्याकडे बघत होते."  लिफ्ट आली आणि ती गेली.

तिने लेख मागे घेतला. कॉलेजात वरिष्ठांनी समजावलं, एकाने तर वेडी म्हटलं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या माणसाची माझी ओळख नाही, तरी मी अजून त्याच्यावर रागावलेलो आहे.

पुढचं वर्ष-दीड वर्ष ती पुन्हा अंगठ्यांच्या मागे होती. आता दाबायला तिने पुण्याहून आलेला चिन्मय नावाचा संशोधक नेमला. अंगात पांढरा कोट नाही, कुणाचा सर नाही, कुणाचा भाऊ नाही. ठणठणीत माणसं मिळवली ती नोएडाच्या ऑफिसांतून, मेट्रो स्टेशनजवळच्या दुकानांतून, आमच्या सोसायटीच्या बागेतून. पेशंटही सगळे नव्याने. नीरू त्या खोलीत पाऊल ठेवायची नाही. शनिवारी ती माझा खांदा फिरवत असताना मी विचारलं, की म्हणायची, "अजून बघितलं नाही. सगळं झाल्याशिवाय बघायचं नाही." तिचे हात मात्र त्या दिवसांत खांद्यावर जास्तच जोरात पडायचे, आणि मी सहन करायचो. मी! टेकताक्षणी बस म्हणणारा. तेव्हा मला तनयाचं वागणं थोडं थोडं कळायला लागलं.

शेवटी या मार्चमध्ये एका शनिवारी ती आली ती दारातूनच बोलत आली. "काका, फरक कमी झाला. पहिल्याच्या निम्मासुद्धा राहिला नाही."  "पण राहिला," ती म्हणाली. "चिन्मयने दाबलं तरी राहिला. थोडाच आहे, पण आहे."

ती सोफ्यावर बसली आणि ओढणीने डोळे पुसले. मीनाक्षी तिच्याजवळ जाऊन बसली. सबनीससाहेबांचं नाव कुणी काढलं नाही. त्याची गरजही नव्हती. मीही पुसले डोळे, त्यात लपवायचं काय?

तनया त्या दिवशी घरीच होती. त्या शिऱ्याच्या शनिवारनंतर ती नीरूसमोर जरा दबून असायची. आपल्यामुळे मॅमची जागा गेली हे तिने मनाला लावून घेतलं होतं. नीरूने हजारदा सांगितलं, तू माझ्यावर उपकार केलेस, तरी ही पाणी विचारून आत पळायची. आज मात्र ती येऊन टेबलाशी बसली आणि तिने अंगठा पुढे केला.

"एकदा दाबा, मॅम."

नीरूने तिच्याकडे बघितलं. पर्समधून यंत्र काढलं. नेहमीचं वाक्य म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. काहीच न बोलता रबराचं टोक नखावर ठेवलं. दाब वाढायला लागला. तनयाचा चेहरा पुन्हा तसाच आवळत चालला, ओठ मिटले, आणि मी मनात म्हटलं, गेलं, ही पोरगी काही बोलत नाही.

"बस ना गं, नीरूताई! दुखतंय!"

नीरूने यंत्र टेबलावर टाकलं आणि तो अंगठा दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागली, लहानपणी दारात बोट चेमटल्यावर चोळायची तसा. तनया रडत होती आणि हसतही होती. मग नीरूने विचारलं, "खरंच दुखलं म्हणून म्हणालीस, की मला बरं वाटावं म्हणून?"

तनयाने नाक पुसत विचार केला. "माहीत नाही गं."

"मलापण नाही!" नीरू अशा आनंदाने म्हणाली की मीनाक्षी दचकली. "आता हे कसं शोधायचं?"

तिचे विचार पळायला लागण्याआधी मी घाईने विचारून घेतलं, "पण आकडा किती आला?"

नीरूने टेबलावरच्या यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. अंगठा अजून तिच्या हातातच होता.

"बघायचा राहिला, काका."